खाडीतला पालू

फाल्गुनातली ओहोटी. वर निळंशार, निष्कलंक आभाळ. खाली काळवंडलेली, कण्हणारी, कुजकट खाडी. तीन महिन्यांपूर्वी वरच्या अंगाला कारखाना आला आणि खाडीच्या अंगाला वास आला. नाकातून घशात उतरणारा, पदरात मुरणारा, किळसवाणा वास.

त्या वासात द्वारका मेथर मांडीभर पाण्यात उभी होती. जुन्या धक्क्याच्या खांबांवर कालवांचे शुभ्र, धारदार थर. कोयतीनं ती ते तासत होती. तासलेली कालवं पाण्यात पडली की ती दातांनी फोडायला पालू मासा वर येतो, हे तिला नवऱ्यानंच शिकवलेलं. पण आज कालवाकालवातून काळा, चिकट, बुळबुळीत गाळ ओघळत होता. शी! तरी ती तासतच राहिली.

कारण घरी पुंडलिक होता. पन्नास वर्षं या खाडीवर जगलेला, चार महिने खाटेला खिळलेला, डॉक्टरांनी हात टेकून घरी पाठवलेला तिचा नवरा. अन्नावरची वासनाच उडाली होती त्याची. परवा तेवढं एक मागणं मागितलं त्यानं: "माका एकदा आपल्या खाडीतलो पालू खावचो हा गो."

गरीला आमिषाला कुर्ली, छोटा खेकडा, लावली. दोर ताणला, थरथरला. पालू वर आला. रुपेरी देह, काळे पट्टे, आणि माणसासारखे दात. कल्ला उचलून तिनं हुंगला. रॉकेलचा दर्प! आजारी माणसाच्या पानात हे वाढायचं? तिला माशाची शिसारी आली, खाडीची आली, स्वतःचीही आली.

भरतीच्या ताज्या पाण्यात तरी बरा मासा मिळेल म्हणून भरती लागेपर्यंत ती थांबली. दुसराही तसाच निघाला.

मासा तिनं हळद चोळून धुतला, पुन्हा धुतला, पुन्हा धुतला. मूठभर तिरफळं ठेचली, आमसुलं दुप्पट टाकली. तिखलं रटरटलं, लालभडक झालं, घरभर दरवळलं. आणि त्या दरवळाखाली तो दुसरा वास हटून बसला.

उशीला टेकून पुंडलिकनं पहिला घास घेतला. चावता चावता थांबला. डोळ्यांत भय दाटलं.

"ह्यो मासो आपल्या खाडीतलोच काय गो?"

द्वारकेच्या ओठांवर खरं आलं होतं. ते तिनं गिळलं.

"नाय. बाजारातलो तो. आज खाडीर गेलंयच नाय मी."

त्यानं सुटकेचा श्वास टाकला. ताट सरकवलं. "मगे बरां. माका वाटला, खाडीच नासली. उद्या जा हां. आपलोच पालू घेवन ये."

"घेवन येतंय," ती म्हणाली, आणि त्याच्या हातावर तांब्यातलं पाणी सोडलं. त्याच्या वाळक्या बोटांवरून तेलकट, सप्तरंगी ओघळ ताटात उतरत होते. तो डोळे मिटून हसत होता. ती पाणी ओतत होती, ओतत होती, ओतत होती.