हो म्हणायची सवय

इस्पितळाच्या धुलाईघरात चादरींना इस्त्री करणारं नवं यंत्र आलं, तेव्हा मावशी एकवीस वर्षांच्या नोकरीने पार थकलेली होती. तिथे सगळेच तिला मावशी म्हणत. यंत्रवाल्याने भराभर बटणं दाखवली नि विचारलं, "समजलं ना?"

"हो," मावशी सर्वांआधी म्हणाली. काडीचंही समजलं नव्हतं.

दुपारी चादर रुळात अडकली. नव्याने लागलेल्या पोरीने विचारलं, "मावशी, घालू का हात?" मावशीने मान डोलावली. रूळ तापलेलाच होता. पोरीची चार बोटं सोलून निघाली.

"माहीत नव्हतं तर विचारायचं की!" मुकादम ओरडला.

विचारायचं! दुसरीत असताना मावशीने एकदाच विचारलं होतं, बेरजेत हातचा का धरायचा म्हणून. गुरुजींनी पट्टीने बोटं सुजवली, वर्ग फिदीफिदी हसला. शाळा पुढे चौथीपर्यंत चालली, शिकणं त्या दिवशीच संपलं. शिवणवर्ग सुटला, आयाचं प्रशिक्षण अर्ध्यावर राहिलं. अडलं की मान डोलवायची, एवढंच तिला येत होतं.

घरी आली तर दुसरीतली नात भिंतीकडे तोंड करून बसलेली. तळहातावर दोन लाल वळ.

"काय केलंस गं?"

"बाईंना म्हटलं, परत सांगा."

सून कांदा चिरत होती. "आगाऊ आहे नुसती. आम्ही काय कमी मार खाल्ला? बिघडलं का आमचं काही?"

"बिघडलं," मावशी म्हणाली. "माझं बिघडलं. आज माझ्यापायी कामावरच्या एका पोरीचंही बिघडलं."

सकाळी कामाला दांडी मारून ती शाळेत गेली. वर्गात साठ मुलं, बाईंचा घसा बसलेला. त्याही दमलेल्याच.

"आजी, प्रत्येकाला दोनदा सांगत बसले तर धडे कधी संपवू?"

"वेळ नसेल तर नाही म्हणा. पण हात उगारू नका. विचारायची भीती एकदा बसली की जन्मभर उठत नाही, बाई."

"तुम्ही किती शिकलात?" बाईंनी जरा टोचूनच विचारलं.

"दाखल्यावर चौथी. खरं विचाराल तर अर्धी दुसरी."

बाईंनी पट्टी टेबलाच्या खणात टाकली. उद्या ती पुन्हा बाहेर निघेल, हे मावशीला ठाऊक होतं.

"मी रोज येईन," ती म्हणाली, "हात बघायला. एकट्या माझ्या नातीचे नव्हेत. साठांचे."