वाळूच्या माळावरची लावणी

माझ्या ओल्या बोटाच्या टोकावर फोनिओ या वाळूएवढ्या बारीक धान्याचे एकेचाळीस दाणे चिकटले. म्बालियामावशीच्या बोटावर त्रेसष्ट. पन्नास वर्षं भातलावणी करून तिची बोटं रुंद झालेली. तिने दाणे डोळ्यांजवळ नेले, मग नाकाजवळ.

"हे खायचं, की तपकिरीसारखं ओढायचं?"

मागच्या बायका खिदळल्या.

"खायचं, मावशी. आम्ही डोंगरात रोज खातो."

"तुम्ही फुलानी लोक गाईंच्या मागे फिरून गवत खायला शिकलात."

"आणि तुम्ही बागा लोक बेडकांच्या शेजारी राहून चिखलात बसायला."

तिला हे उत्तर आवडलं. दाणे मात्र तिने जपून परत पिशवीत झटकले.

बागा लोक किनाऱ्यावरचे, भाताचे. खारफुटी तोडून, बांध घालून त्यांनी खाजणात शेतं केलेली. दोन वर्षांपूर्वी बांध फुटला, खारं पाणी आत आलं आणि पीक अर्ध्यावर आलं. तेव्हापासून ऑगस्टात, जुनं भात संपलेलं आणि नवं अजून हिरवं असताना, गावात चूल दिवसातून एकदाच पेटत होती. गावामागे वाळूचा पडीक माळ होता. फोनिओला तसलीच जमीन चालते आणि ते ऐंशी दिवसांत तयार होतं. पण या किनाऱ्यावर ते कुणी कधी पेरलेलं नव्हतं; ते पेरून बघायला मला शेती केंद्राने पाठवलं होतं.

माळ म्बालियामावशीच्या घराण्याचा. भाऊ वारल्यापासून शब्द तिचा. एका काजूवाल्यालाही तो हवा होता. त्याची रोपं पिशव्यांमधून तिच्या आंब्याखाली मांडून ठेवलेली होती. एकदा काजू लागला की पुढची तीस वर्षं ती जमीन दुसऱ्या कशाची होत नाही. त्याला आणि मला तिचं उत्तर एकच: "बघू."

एक तुकडा तेवढा तिने या मोसमापुरता दिला. जूनच्या सुरुवातीला मी बी मुठीने फोकलं, ते मातीत झाकायला वरून फांदी फिरवली आणि म्हटलं, "आता याला हात लावायचा नाही." मग माझ्या केंद्रावर परतले.

महिन्याने आले, तर अर्धा तुकडा ओळखू येईना. दाट हिरव्या गालिच्याच्या जागी वितीवितीवर एकेक रोप, सरळ ओळींत. नऊ बायका, पाच दिवस.

"लावणीच्या रोपांचा तरवा फार दाट झाला होता," म्बालियामावशी म्हणाली. "शिकलेली पोरगी, पण लावणी करायचीच विसरलीस. आम्ही केली."

"मावशी, तो तरवा नव्हता. ते शेतच होतं."

ती थांबली. शेजारची याली हाताआड हसू लागली.

"मग तसं सांगायचं!"

"हात लावू नका म्हटलं होतं ना!"

"तसं सगळेच म्हणतात."

मला रडू येत होतं. वर्षाचा प्रयोग गेला. मग मी गुडघ्यांवर बसून एका रोपाचे फुटवे मोजले. सात. उरलेल्या अर्ध्या तुकड्यातल्या रोपाचे मोजले. दोन. पुन्हा मोजले. त्या दिवशी मी साठ रोपं मोजली आणि जेवायचं विसरले. उरलेल्या तुकड्याला आता खरोखरच कुणी हात लावायचा नाही, असं मावशीने सगळ्यांना बजावलं.

ऑगस्टअखेर फोकलेलं पीक कापलं. लावलेलं बारा दिवसांनी आलं. दोन्हीकडचं वजन जवळपास सारखंच भरलं. मी मावशीला ते होतं तसं सांगितलं, "लावणीने काही वाढलं नाही. पाच दिवसांची मेहनत फुकट."

ती दोन्हीकडचं धान्य दोन सुपांत घेऊन उंबऱ्याशी बसली आणि बोटाने चाळू लागली.

"हे काळं काय आहे?"

फोकलेल्या सुपात रानगवताचं बी होतं, बरंच. रोपं असताना फोनिओ आणि ते गवत वेगळं ओळखणं मलाही जमत नाही. आमच्या आया ते लोंबीत आल्यावर एकेक करून उपटतात. लावणीच्या सुपात जवळजवळ काही नव्हतं. ओळीबाहेर जे उगवलं, ते बायकांनी भाताच्या सवयीने उपटून टाकलं होतं. इतकं स्वच्छ बियाणं मी आमच्या डोंगरातही पाहिलेलं नव्हतं. हे माझ्या वहीत कुठेच नव्हतं, कारण मी फक्त वजन केलं होतं.

त्या दुपारी आम्ही फोकलेलं धान्य कांडलं, तीन पाण्यांनी धुतलं. म्बालियामावशीने पामतेलात सुक्या मासळीचं कालवण केलं. सगळ्या एका परातीभोवती बसल्या. पहिला घास तिने बराच वेळ तोंडात घोळवला. मी तिच्या जबड्याकडे बघत होते.

"वाळू नाही लागत," याली म्हणाली.

"गवतही नाही लागत," मावशी म्हणाली आणि तिने दुसरा घास घेतला.

बाहेर काजूवाला आला होता. आंब्याखाली त्याच्या रोपांची मुळं पिशव्या फाडून मातीत शिरली होती. तो दारातूनच म्हणाला, "मावशी, पावसाचा महिनाच उरलाय. आता तरी सांगा."

ती "बघू" म्हणेल म्हणून मी हात धुवायला उठले.

"तुझी रोपं घेऊन जा," ती म्हणाली. "पुढच्या जूनला माळावर हे धान्य पेरायचं. सगळीकडे फोकून, पोरगी म्हणते तसं. पायवाटेकडची एक पट्टी तेवढी लावणीची. बियाणं तिथलं धरायचं."