घरची पोर, बिनपगारी

"आयुष्यात कधी काम केलंयस का गं?" ब्रेथवेट मिसनी मला विचारलं तेव्हा माझ्या बोटांना अजून आदल्या दिवशीच्या लसणाचा वास येत होता.

ब्रेथवेट मिस म्हणजे आमच्या बार्न्सलीच्या शाळेत कॉलेजचे अर्ज भरून घेणाऱ्या बाई. मनाने वाईट नाहीत. पण मेडिकलच्या अर्जात कामाचा अनुभव विचारतात, आणि तिथे माझ्याकडे सांगण्यासारखं काहीच नाही असं त्यांचं मत.

"आमच्या चिनी जेवणाच्या पार्सलच्या दुकानात असते ना मी, मिस. लहानपणापासून. फोन, गल्ला, भांडी, कोलंब्या सोलणं."

"ते घरचं गं. पगार मिळतो का? नाही ना? मग ती मदत झाली. बाकीची पोरं बघ, कुणी औषधांच्या दुकानात, कुणी वृद्धाश्रमात. वडिलांकडून लिहून आण, पगार देतो म्हणून."

संध्याकाळी दुकानात बाबा कढईत भात परतत होते. माझं ऐकून त्यांचा हात थांबला. कढईखाली जाळ असताना बाबा कधी थांबत नाहीत.

"पगार? तुला? तू काय नोकर आहेस माझी?"

"नुसतं लिहून द्यायचंय, बाबा."

"खोटं लिहू? आणि खरंच दिला तर उद्या रजा मागशील!"

आई कोबी चिरता चिरता म्हणाली, "मागू दे की. मी पण मागते."

बाबांनी आम्हा दोघींकडे पाठ फिरवली. आम्हा हाउ कुळातल्या लोकांत बापाने पोरीला पगार देणं म्हणजे तिला परकी ठरवणं. हाँगकाँगकडे आमच्या गावात तसंच होतं आणि इथे इंग्लंडात येऊनही त्यात काडीचा फरक पडला नाही.

मग मलाही चेव आला. अर्जात सरळ लिहिलं: नवव्या वर्षापासून आमच्या पार्सलच्या दुकानात काम करते, पगार नाही. मिस म्हणाल्या, "हट्टी आहेस, पुई-क्वान." म्हटलं, "हो, मिस."

चारपैकी तीन कॉलेजांनी नकार कळवला. चौथ्याने मुलाखतीला बोलावलं, शुक्रवारी, अगदी शेवटच्या वेळेला. तिथे फिसकटलं की डॉक्टरकी संपली, आणि मला दुसरं काही व्हायचंच नव्हतं.

टेबलामागे दोघं होते. एक म्हातारे सर्जन, डॉक्टर ऑगिल्वी. दुसऱ्या मिसेस पेम्बर्टन, कमिटीवरच्या, डॉक्टर नसलेल्या, बाहेरच्या सदस्य.

"काही अर्जांची आम्ही खातरजमा करतो," बाई म्हणाल्या. "मंगळवारी सकाळी तुमच्या दुकानात फोन केला. मुलगी लहानपणापासून दुकानात काम करते का, असं वडिलांना विचारलं. ते म्हणाले, छे! ती दुकानात पाऊलसुद्धा टाकत नाही, वर बसून अभ्यास करते."

बाबा! अहो, काय केलंत हे! सकाळी सकाळी गोऱ्या बाईचा कडक आवाज, आणि प्रश्न काय, तर लहान पोरीला कामाला लावता का? बाबांना वाटलं असणार, पालिकेचा इन्स्पेक्टर. असल्या फोनला काय उत्तर द्यायचं ते आमच्यातल्या प्रत्येक पार्सलवाल्याला तोंडपाठ असतं. मला ते एका शब्दाने बोलले नाहीत, कारण त्यांच्या मते त्यांनी घर वाचवलं होतं.

"मग खोटं कोण बोलतंय?" बाईंनी विचारलं.

"बाबा," मी म्हटलं. "तुम्हाला इन्स्पेक्टर समजले ते. त्यांच्या जागी मी असते तर मीही तेच सांगितलं असतं. पण हातच्या काकणाला आरसा कशाला? आत्ता लावा फोन. मी त्यांना समजावते, मग खुशाल विचारा."

बाईंच्या भुवया वर गेल्या. ऑगिल्वींनी मात्र टेबलावरचा फोन ओढला, नंबर फिरवला आणि आवाज सगळ्यांना ऐकू येईल असा मोठा केला.

फोन वाजला. वाजतच राहिला आणि बंद पडला. त्यांनी पुन्हा लावला. पुन्हा तेच.

"कुणी उचलत नाहीये," बाई म्हणाल्या. "दुकान आहे ना नक्की?"

मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. शुक्रवारची संध्याकाळ, ऐन गर्दीची वेळ. मला हसूच फुटलं.

"उचलणार कोण, बाई? फोन उचलणारी इथे तुमच्यासमोर बसलीय ना!"

आणि मग माझं डोकं तापलं. "याला तुम्ही काम म्हणत नाही. मी एक संध्याकाळ नाही, तर दुकान बहिरं झालंय. पगार नव्हता म्हणून माझे हात काही कमी भाजले नाहीत. घरी अंथरुणाला खिळलेल्या सासूचं सगळं करणाऱ्या बाईलाही विचारणार का, की बाई, तुम्हाला अनुभव काय?"

ऑगिल्वी पुढे झुकले.

"फोन वाजतोय, काउंटरवर माणूस ओरडतोय आणि कढईतलं तेल धुरावलंय. आधी काय?"

"तेल," मी म्हटलं. "ओरडतोय म्हणजे माणूस जिवंत आहे."

ते हसले नाहीत. पेन उघडून काहीतरी लिहिलं, आणि कागद बाईंकडे सरकवला.

मार्चमध्ये कळलं, मला जागा मिळाली. बाबांनी शाबासकी वगैरे काही दिली नाही. जेवताना अख्ख्या माशाच्या गालाचं मांस, आमच्यातला मानाचा घास, काढून माझ्या वाटीत टाकलं, आणि "थंड होईल, खा" म्हणाले.

सप्टेंबरात मी निघायच्या आदल्या दिवशी ते दुकानाच्या काचेवर पाटी चिकटवत होते. फोन आणि काउंटरसाठी दोन माणसं पाहिजेत. पगार मिळेल.

"दोन?" मी विचारलं.

"एकाला झेपायचं नाही," बाबा म्हणाले, आणि पाटीचा सुटलेला कोपरा अंगठ्याने दाबत राहिले.