पाळकांनी दिलेली बाटली

न्हाव्यानं दारू सोडली, यावर गल्लीत कुणाचाच विश्वास बसला नाही. बायकोचाही नाही. पण त्याचा हात थरथरायचा थांबला, वस्तऱ्याला भिऊन पळालेली गिऱ्हाइकं परतली, आणि रविवारी तो चर्चमध्ये पुढच्या बाकावर बसू लागला.

लेक मात्र बधली नाही. बापाच्या पट्ट्याचे वळ तिनं लहानपणी अंगावर वागवले होते. "बाळाला घेऊन येईन, पण आधी बाबांची खात्री दे," तिनं आईला फोनवर बजावलं.

नातवाचं तोंड पाहायला आसुसलेली बाई खात्री कुठून आणणार? ती चर्चच्या पाळकांकडे गेली. पाळकांनी तिच्यापुढं दारूची एक सीलबंद बाटली ठेवली.

"दुकानात टॉवेलांमागं ठेवा. सोनं आगीतच कळतं, बाई."

"पण आपण प्रार्थनेत म्हणतो ना, आम्हाला परीक्षेत आणू नकोस?"

"पोटचा मुलगा बळी द्यायला सांगून अब्राहामाची परीक्षा घेतलीच की देवानं!"

"ती देवानं घेतली, पाळकसाहेब. ही बाटली तर..."

तुम्ही देताय, हे शब्द ओठांवर आले आणि तिथंच जिरले. पाळकांना उलट बोलायची तिला सवय नव्हती. आणि खरं सांगायचं तर तिलाही बघायचंच होतं. बाटली तिनं पिशवीत घातली.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी, दुकान रिकामं असताना, न्हाव्यानं टॉवेलाला हात घातला. ती आतल्या खोलीच्या पडद्याआडून पाहत होती. बाटली दिसताच तो गिऱ्हाइकाच्या खुर्चीत मटकन बसला. सील तोडलं. बाटली नाकाशी नेली. कपाळावर घाम फुटला, हात पुन्हा पूर्वीसारखा लटलटू लागला. कितीतरी वेळ तो तसाच बसून राहिला. मग एकदम उठून त्यानं सगळी दारू बेसिनमध्ये ओतली, नळ सोडला आणि लहान पोरासारखा हुंदके देऊ लागला.

"अगं, इकडे ये! कुणीतरी दावा साधला माझ्यावर. पण तू घरात होतीस ना, म्हणून निभावलं बघ!"

"देवाची कृपा," ती म्हणाली आणि तिनं नळ बंद केला.

रविवारी पाळकांना आनंद आवरेना. "या भावाची आपण परीक्षा घेतली," त्यांनी भर सभेत सांगितलं. "बाटली मी दिली, ठेवली त्याच्या पत्नीनं. आणि भाऊ उत्तीर्ण झाला!"

टाळ्या पडल्या. कुणी न्हाव्याची पाठ थोपटली. तो सगळ्यांकडे पाहून हसला. बायकोकडे त्यानं एकदाच पाहिलं.

"अहो, लेकीसाठी केलं मी," वाटेत ती काकुळतीला आली.

"बाटली ओतताना मी तुझं नाव घेत होतो," तो म्हणाला. "देवाचं मागाहून आठवलं."

पुढच्या आठवड्यात लेक बाळाला घेऊन आली. आजोबांच्या मांडीवर बाळ खिदळलं. लेकीचे डोळे भरून आले. "आई, बाबा खरंच बदलले ग!"

आईनं नवऱ्यापुढं चहा ठेवला. त्यानं कप उचलला, नाकाशी धरून सावकाश हुंगला आणि तिच्याकडे सरकवला.

"आधी तू घोट घे."

म्हातारपणी प्रेम उतू चाललंय, असं वाटून लेक खुदकन हसली. आईनं कप तोंडाला लावला. तिनं घोट गिळेपर्यंत तो तिच्या गळ्याकडे पाहत राहिला.