नेत्रनाथांचा पाट

मंडणगडच्या डोंगरातल्या त्या वाडीत देव जागृत आहे की नाही, याबद्दल दोन मतं होती. पण नेत्रनाथ महाराजांच्या लाकडी मुखवट्याचा तिसरा डोळा जागृत आहे, याबद्दल सकाळपासून एकच मत होतं. देवळाच्या मांडवात पाय ठेवायला जागा नव्हती. मधे एक पाट, पाटामागे तो मुखवटा. बाधा नसलेला माणूस पाटावर बसला की मुखवटा गप्प. बाधा असलेला बसला की कपाळावर लाल ठिपका पेटायचा. वात नाही, तेल नाही, धूर नाही. वाडीत वीज अजून यायची होती, त्यामुळे असलं काही कुणी पाहिलंच नव्हतं. रावजी पोलीसपाटलांनी धीर करून बोट लावून पाहिलं.

"गार हाय!" हर्णै बंदरावरच्या लिलावात मासळी पुकारावी तसे ते ओरडले. "पेटलाय, आणि गार!"

विस्तव असून गार, म्हणजे देव. एवढं तर्कशास्त्र वाडीला पुरेसं होतं.

"सोनं, चांदी, पितळ बाहेर!" महाराज गरजत होते. "कोयत्या बाहेर! दागिन्यांच्या झळाळीनं नेत्र दिपतो! ब्रह्मांडाची लहर आणि पिंडाची लहर यांच्या मधे सोनार नको!"

पुरुषांनी कमरेला कोयती अडकवायच्या आकड्यांसकट कोयत्या पायरीवर ठेवल्या. बायकांनी जोडवी, बांगड्या शेजारणीच्या ओटीत टाकल्या. मंगळसूत्राला तेवढी माफी होती.

रांगेत तुळसा उभी होती. छातीशी दीड महिन्याचं पोर, दुपट्यात घट्ट गुंडाळलेलं. तिचं पहिलं पोर जन्मल्यावर बाराव्या दिवशीच गेलं होतं. हे दुसरं, आणि परवापासून ते दूध ओढत नव्हतं, नुसतं रडत होतं. नवरा मुंबईला. सासू येसूबाई म्हणाली, चल महाराजांकडे, आणि तुळसा निघाली.

बरोबर नणंद होती, प्रेमला. रत्नागिरीला डिप्लोमा करून ती ठाण्याच्या एका कारखान्यात नोकरीला होती. काय काम करते, हे वाडीत कुणालाच धड सांगता येत नसे. "रेडिओचं कायतरी" असं म्हणून सगळे मोकळे होत.

तुळसानं पोर पाटावर ठेवलं. डोळा पेटला.

मांडवातून एकच सुस्कारा गेला.

"छाया!" महाराज म्हणाले. "पहिल्याला नेलं तीच! आता ह्याच्यासाठी आली!"

पहिल्याचं यांना कसं कळलं, म्हणून येसूबाई गहिवरली. महाराजांच्या शिष्यानं रांगेतच मोठ्या मायेनं सगळी विचारपूस केली होती, हे ती विसरली होती.

"पोटाला डाग द्या. तापल्या लोखंडाचा. सूर्य माथ्यावर यायच्या आत. नाहीतर नेत्र जबाबदार नाही."

येसूबाई रडत रडतच गेली आणि तिनं प्रसादाच्या चुलीत विळा घातला. तुळसा उघड्या डोळ्यांनी बघत राहिली. विळ्याचं टोक आधी काळं होतं, मग त्याला तांबूस रंग चढायला लागला. पोराचं पोट तिच्या तळहाताएवढं होतं.

"महाराज," प्रेमला म्हणाली, "परत एकदा ठेवते हां पोराला. छाया निघून गेली असंल तर उगाच डाग नको."

तिनं पोराला उचललं आणि अगदी सावकाश पाटाकडे नेलं. दुपट्यातली पावलं पाटापासून चार बोटांवर आली तशी डोळा पेटला. मग तितक्याच सावकाश तिनं त्याला वर घेतलं. चार बोटं झाली तरी डोळा पेटलेलाच. अजून थोडं वर गेल्यावर विझला. प्रेमलानं पाटाच्या कडा निरखल्या. एकही खिळा नव्हता. सगळ्या लाकडी खुंट्या.

"वयनी," ती तुळसाच्या कानाशी आली. "पोराच्या अंगावर लोखंड हाय?"

तुळसाचा हात दुपट्यावर गेला. पोराच्या पायात लोखंडी कडं होतं. पहिलं गेल्यावर लोहाराकडून मुद्दाम करून घेतलेलं, वाईट नजरेसाठी. दागिने काढा म्हणाले तेव्हा ते काढायचं तिच्या मनातही आलं नाही. कडं हा काही दागिना नव्हता. आणि अशी वस्तू बोलून दाखवली की तिचा गुण जातो, असं वाडीतल्या सगळ्याच बायका सांगत.

"काढ ते."

"नको गो! त्याच्यावरच तर हा जगलाय."

"मी नाय काढणार. तूच काढ. तिकडं विळा बघ."

एक लोखंड चुलीत, एक पोराच्या पायात. तुळसाला दोन्हींची सारखीच भीती वाटत होती. काढलं आणि पोर तिथंच गेलं तर? तिनं डोळे मिटले, दुपट्यात हात घातला आणि कडं ओढून काढलं. पोर किंचाळलं. ती थिजली. पण ते नुसतं रडतच होतं, मघासारखंच.

तिनं त्याला पाटावर ठेवलं. डोळा अंधारा.

"छाया गेली!" महाराज घाईनं म्हणाले. "दक्षिणा ठेवा!"

"थांबा," म्हणत प्रेमलानं ते कडं एकटंच पाटावर ठेवलं. डोळा पेटला. "आता कड्याला बाधा झाली काय? भागोजीकाका, तुमची कोयती आणा."

भागोजीनं पायरीवरून आणून पाटावर टेकवली. डोळा पेटला.

"अरं मेल्या," भागोजी कोयतीकडे बघत म्हणाला, "माझ्या कोयतीला कधी धरलं भुतानं?"

कुणीतरी फिसकन हसलं. महाराज मुखवटा उचलायला वाकले, तोवर भागोजीनं पाट उलटा केला. खाली मेणात बसवलेलं तारेचं वेटोळं होतं, आणि त्याच्या वायरी मुखवट्यात आणि फुलांच्या टोपलीखाली लपवलेल्या मोटारीच्या बॅटरीत गेल्या होत्या.

"हे आम्ही कारखान्यात बनवतो," प्रेमला म्हणाली. येसूबाई अजून चुलीपाशीच होती. "वेटोळ्यात वीज झोक्यासारखी झुलते. धातू जवळ आला की त्या धातूत विजेचे भोवरे उठतात आणि झोक्याचा जोर खातात. झोका मंदावला की दिवा लागतो, तापत नाय असला एवढासा लाल दिवा. बाटलीला पत्र्याचं झाकण बसलं की नाय, ते बाटल्या भरणारे यानंच बघतात. सरकत्या पट्ट्यावर बाटल्या थरथरतात, म्हणून दिवा फडफडू नये यासाठी विझायचं अंतर लागायच्या अंतराहून थोडं जास्त ठेवतो. मघाशी पोराला वर घेतलं, तेव्हा तेच दिसलं. आणि पाटाला खिळा असता तर दिवा दिवसभर पेटलेलाच राहिला असता."

"मग सोनं का काढायला लावलं?" रावजींनी विचारलं.

"सोन्या-पितळेलाही लागतो, पण फार जवळ आणल्यावर. सगळेच पेटले तर सगळ्यांनाच बाधा कशी सांगणार? दागिने काढले की लोखंड तेवढं उरतं. आणि लोखंड अंगावर कोण बाळगतं? ज्याचं पोर गेलंय तो. ज्याला फेफरं येतं तो. जो आधीच घाबरलाय तो."

येसूबाईनं विळा चुलीतून ओढून पाण्याच्या घंगाळात टाकला. चर्रर्र झालं तशी तुळसा दचकली आणि तिनं पोराला घट्ट धरलं.

महाराजांना रावजींनी पोलीस येईपर्यंत देवळातच बसवून ठेवलं. दुपारच्या एसटीनं तुळसा आणि प्रेमला मंडणगडच्या सरकारी दवाखान्यात गेल्या. डॉक्टरांनी पोराच्या कानात टॉर्च मारला. कान आतून सुजला होता. दूध ओढताना ठणकत होता, म्हणून ते तोंड फिरवत होतं. औषध मिळालं. तिसऱ्या दिवशी पोर पोटभर प्यायलं.

तुळसाची भीती काही त्या दिवशी संपली नाही. एक पोर गमावलेल्या आईची ती संपत नसते, आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. पण मंडळी, घाबरलेल्या माणसाला हेरायला दैवी नेत्र लागत नाही. कुठलाही लबाड त्याला बरोबर ओळखतो. म्हणून भीती वाटेल तेव्हा एवढंच करा: आजारी पोर डॉक्टरकडे न्या, आणि चमत्कार दाखवणाऱ्याला सांगा, परत करून दाखव, या वेळी आमच्या पद्धतीनं. खरं असेल ते पुन्हा घडेल. खोटं असेल ते रागावेल.