चार बटणं झाली की

टिण्ण.

दुपारी घर इतकं शांत होतं, की चहाच्या तबकात पडलेल्या सुईचा आवाज मला अंगणात कुणी परात आपटावी तसा वाटला. मी आधी तबकाकडे पाहिलं, मग हाताकडे. अंगठा आणि पहिलं बोट एकमेकांना टेकलेलीच होती, सुई धरल्यासारखी. सुई निसटल्याचं त्यांना कळलंच नव्हतं.

पडद्यापलीकडे सासूबाई पीठ मळत होत्या. त्यांचे हात थांबले.

"काय पडलं गं, तूरिया?"

"काही नाही, लल्ला. कात्री."

कात्री कुणाच्याही हातून पडते. सुई पडली असं आमच्या गल्लीतली बाई बोलत नाही.

आमच्या सफ्रू गावात उंबऱ्याउंबऱ्यावर बायका मान खाली घालून बसलेल्या दिसतील. जेलाब्याची, म्हणजे पायघोळ अंगरख्याची, रेशमी बटणं करतात. वाटाण्याएवढं एकेक बटण, सुईनं विणलेलं, आणि एका जेलाब्याला गळ्यापासून पायापर्यंत शंभरावर लागतात. मी हे काम सहाव्या वर्षी शिकले. आता माझी शामा पाच वर्षांची आहे. त्या वेळी ती माझ्या मांडीला डोकं टेकून झोपली होती, तोंड किंचित उघडं ठेवून. तिच्या केसांत रेशमाचा एक हिरवा धागा अडकला होता. तो मला डाव्या हातानं काढावा लागला.

मान दुखायला लागून वर्ष झालं. आधी नुसती सकाळी आखडायची, मग खांद्यात कळ उतरायला लागली. वसंतात दवाखान्यात गेले तेव्हा डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, "दुखतंय म्हणून घाबरू नकोस. बहुतेक माना हळूहळू ताळ्यावर येतात. पण वाकून बसणं सोड. काम डोळ्यांशी आण, डोळे कामाशी नेऊ नकोस. अर्ध्या तासानं उठत जा." मग त्यांनी माझे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले आणि त्यांचा आवाज बदलला. "हातातून वस्तू पडायला लागल्या, चालताना पाय अडखळले, तर त्याच दिवशी यायचं. आणि कुणालाही झटका देऊन मान मोडू द्यायची नाही. समजलं?"

समजलं होतं. घरी येऊन मांडीवर दोन उशा घेतल्या, त्यांवर कोपरं टेकली. घड्याळ बंद पडलेलं, म्हणून चार बटणं झाली की उठायचं असं ठरवलं. उठून हनुवटी मागं ओढायची, खांदे सोडायचे.

लल्ला हसायच्या. "आली बघा आमची कोंबडी! आमच्या वेळी मानेला कुणी विचारत नव्हतं. डोक्याखाली असायची, बस्स."

पण दुखणं कमी झालं, खरंच झालं. म्हणून तर मी निर्धास्त होते. आणि आठवड्यापूर्वी सुई पडायला लागली. तबकात पडली ती त्या दिवसातली पाचवी खेप होती.

त्याच दिवशी, असं त्या म्हणाल्या होत्या. मी सात दिवस गप्प होते. सांगितलं असतं तर हातातलं काम गेलं असतं, आणि हे काम नसलेली तूरिया कशी असते ते मला माहीत नाही.

लल्लांनी मात्र परस्परच उपाय काढला होता. कणकेचे हात पुसत त्या आत आल्या.

"तिसऱ्या प्रहरी अस्रची नमाज झाली की बा हम्मू येतोय. तुझी मान बघायला."



बा हम्मू हाडवैद्य. अख्ख्या गावाचे घोटे आणि खांदे त्यानं बसवलेत. मी बारा वर्षांची असताना त्यानं माझ्या आईची मान मोडली होती. मी दारातच उभी होते. कोमट तेल, त्याचे रुंद अंगठे, एक झटका, आणि कट्! बायका खूश झाल्या. आईसुद्धा हसली. तिसऱ्या दिवशी तिच्या हातातून हरीराच्या साराची वाटी पडली. वर्षभरात ती भिंत धरून चालायला लागली. शेवटी शेवटी तिची मान वर होईना, गल्लीतली माणसं ती चपलांवरून ओळखायची. कुणी बा हम्मूला बोल लावला नाही. लिहिलेलं होतं, म्हणाले.

"लल्ला, डॉक्टरीणबाईंनी नको म्हटलंय."

"त्या पोरीनं किती माना पाहिल्यात? बा हम्मूनं तुझ्या नवऱ्याचा खांदा बसवला तेव्हा ती पाळण्यात होती."

तो आला. आता पाठीत वाकलेला, दाढी पांढरी झालेली. लल्लांनी चहा ओतला, वाटीत तेल कोमट करून आणलं. वडीलधारा माणूस उंबरा चढून आलाय, त्याला नाही कसं म्हणायचं? मी त्याच्याकडे पाठ करून बसले. शामा उठली होती, डोळे चोळत माझ्याकडे बघत होती. त्याचे तेलकट अंगठे माझ्या कानांच्या खाली टेकले.

अंगठे तिथंच थांबले.

"पोरी, हातातून काही पडतं का?"

नाही म्हटलं तर तो झटका देणार होता. हो म्हटलं तर माझं काम संपत होतं.

"कात्री पडली होती दुपारी," लल्ला म्हणाल्या.

"मी तिला विचारतोय, रक़िया." त्यानं हात काढून घेतले. "माझ्यासमोर एक बटण कर."

मी सुई ओवली, दुसऱ्या खेपेला जमलं. पहिला फेरा घातला, दुसराही. तिसऱ्या फेऱ्याला मी बोटांकडे डोळे लावून बसले होते, मनातल्या मनात विनवत होते त्यांना. सगळ्यांसमोर ती उघडली.

टिण्ण.

लल्लांच्या हातातला पेला तसाच राहिला. "कात्री म्हणालीस तू मला," त्या हळूच म्हणाल्या.

"आठ दिवस झाले, लल्ला."

बा हम्मूनं फडक्यानं हात पुसले. एकेक बोट, बराच वेळ.

"मेंढ्यांचे पाय मी बसवतो, मेंढपाळांचे घोटे बसवतो. हे माझं काम नाही. आजच्या आज फेस शहरात ने हिला, मोठ्या दवाखान्यात. उद्यावर टाकू नकोस."

"अरे, पण चहा तरी..."

"नको." दारात चपला शोधताना तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "तुझ्या आईला मी हे विचारलं नव्हतं."

तो गेल्यावर लल्ला उठल्या. त्यांनी माझा जेलाबा आणला, माझ्या डोक्यावरून घातला. मी वरचं बटण फासात घालायला गेले, बोटं नुसतीच चाचपडत राहिली. मग त्या गुडघे मोडून, कण्हत, माझ्यापुढं खाली बसल्या आणि पायापासून बटणं लावत वर आल्या. शेवटचं त्यांनी गळ्याशी लावलं.

"हलू नकोस," त्या म्हणाल्या. "मान हलवू नकोस, बाई. मी टॅक्सी बघते."

मी शामाला हाक मारली, ओ आली नाही. मागं वळले, मानेनं नाही, सगळ्या अंगानं वळले. ती माझ्या उशीवर बसली होती. तबकातली सुई तिच्या बोटांत होती, माझं अर्धं बटण दुसऱ्या हातात, आणि हनुवटी थेट छातीला टेकलेली. मागून तिच्या मानेचा मणका दिसत होता, लहान, वाटाण्याएवढा.

मी जवळ जाऊन तिच्या हनुवटीखाली दोन बोटं घातली आणि तोंड वर उचललं.

"असं वाकायचं नाही, राणी. कधीच नाही."

तिनं क्षणभर तसंच, मान वर ठेवून, विणायचा प्रयत्न केला. मग गोंधळून माझ्याकडे पाहिलं.

"मग टाका कसा दिसणार, यम्मा?"