उर्वरित पान पाचवर

मी शिवकांताबाईंची कात्रणवही बोलतेय. सध्या मुक्काम तेरखेडा. फटाक्यांच्या एका कारखान्याबाहेर, पत्र्याच्या पडवीत, रद्दीच्या थप्पीवर पडून आहे. दिवाळीत माझा आवाज चार गल्ल्यांत ऐकू जाईल, पण तेव्हा त्यात शब्द नसतील. म्हणून जे सांगायचं ते आत्ताच सांगते.

जन्मले तेव्हा मी वही नव्हते. परंड्यातल्या एका छापखान्यात लग्नपत्रिकांचे नमुने दाखवायचा अल्बम होते. जाडसर कागदाची पानं आणि पानापानावर कुणाचं तरी 'शुभविवाह'. छापखाना बंद पडला तसं मालकानं मला समोरच्या किराणा दुकानात आणून टाकलं. म्हणाला, "कागद दणकट हाय, कशालाबी हुईल."

दुकान महालिंगप्पांचं. शिवकांताबाई त्यांच्या पत्नी. माहेर नळदुर्गाकडचं, शिक्षण दहावी, तेही चांगल्या मार्कांनी. सासरी त्या मार्कांचं कुणाला काही नव्हतं. त्यांच्या वाट्याला दुकानाच्या मागची खोली आणि रद्दीचे गठ्ठे आले. कुर्डुवाडीच्या गाडीनं गठ्ठे यायचे. ते सोडायचे, पानं सरळ करायची आणि पुड्या बांधायला चौकोन फाडायचे, हे बाईंचं काम.

फाडायच्या आधी बाई वाचायच्या. बातम्या नाही. बातमी शिळी झाली की तिच्यात काही राहत नाही, पडलेलं सरकार पुन्हा कशाला पाडायचं? बाई शोधायच्या ते रविवारच्या पुरवणीतले लेख आणि सदरं. कुणी आपल्या मोडक्या छत्रीवर लिहिलेलं, कुणी एसटीत शेजारी बसलेल्या घोरणाऱ्या माणसावर, कुणी चहाच्या पहिल्या घोटावर. तीन वर्षांपूर्वीचा पेपर असला तरी ती छत्री गळतच असायची आणि तो माणूस घोरतच असायचा. लोणच्यासारखं आहे ते, मुरल्यावर जास्त चांगलं लागतं. बाई एकट्याच खुदकन हसायच्या, की बाहेरून महालिंगप्पांची हाक यायची.

"ओ वाचनालय! गिऱ्हाईक थांबलंय. धनं बांधायला कागुद द्या."

"देते की वो. हे एवढं संपू द्या."

"पेपरात काय संपत असतंय? उद्या पुना येतंय."

पुड्यांतून वाचवलेले लेख ठेवायला बाईंनी मला घेतलं. पत्रिका वाफेवर धरून अलगद सोडवल्या. मैद्याची खळ शिजवली, झुरळं लागू नयेत म्हणून तिच्यात चिमूटभर मोरचूद टाकला, आणि पहिलं कात्रण माझ्या पोटावर बसवून पदरानं दाबलं. त्या दिवशी मी वही झाले.

पण रद्दीची एक खोड असते. लेख रंगात यायचा, शेवटची वळणं घ्यायचा आणि खाली बारीक अक्षरात लिहिलेलं असायचं, 'उर्वरित पान पाचवर'. ते पान पाच कधी सापडायचं नाही. कुणाच्या तरी जिऱ्याबरोबर ते गेलेलं असायचं.

पहिल्यांदा बाई चार दिवस चुटपुटल्या. मग एका दुपारी निळ्या शाईचं पेन घेऊन बसल्या आणि कात्रणाखाली उरलेल्या जागेत लेखाचा शेवट स्वतःच लिहिला. लिहून झाल्यावर दाराकडं बघितलं, चोरी केल्यासारखं. पुढं पुढं तर असं झालं की पूर्ण लेख सापडला की त्या जराशा हिरमुसायच्या.

त्यांचा सगळ्यात लाडका लेख होता 'कुलूप'. एक गृहस्थ सहलीला निघतात. कुलूप नीट लागलंय का, हे बघायला तीनदा स्टँडवरून परत येतात. कुलूप ओढून बघतात, लोंबकळून बघतात. तिसऱ्यांदा शेजारीण खिडकीतून म्हणते, 'अहो...' आणि तिथंच छापील अक्षर संपतं. बाईंनी त्याखाली सहा ओळी लिहिल्या आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. हसणं थांबलं तरी पाणी थांबलं नव्हतं, हे मी पाहिलंय.

गंमत म्हणजे, दोन महिन्यांनी या एकाच लेखाचं पान पाच सापडलं. बाईंनी घाईघाईनं वाचलं. लेखकानं शेवटी उपदेश केला होता की, माणसानं मनाचं कुलूप उघडावं. बाईंनी त्या पानात पावशेर मोहरी बांधली.

महालिंगप्पा गेले. दुकान मुलाकडं, गौरीशंकरकडं आलं. काचेची दारं लागली, माल कारखान्यातूनच प्लॅस्टिकच्या पाकिटांत यायला लागला. रद्दी बंद झाली. मला नवं कात्रण मिळेना. तरी बाई दुपारी मला काढायच्या, तेच लेख पुन्हा वाचायच्या. आपल्या ओळींपाशी आल्या की बोट जरा सावकाश सरकायचं. या ओळी कुणीतरी वाचाव्यात, एवढीच त्यांची इच्छा होती. ती त्यांनी कुणाला सांगितली नाही. आपण होऊन दाखवायचं म्हणजे पंगतीत आपणच 'मला वाढा' म्हणण्यासारखं, असं त्यांना वाटायचं.

आणि यंदा संधी चालून आली. गौरीशंकर शाळेच्या समितीवर आहे. ऑक्टोबरात शाळेत वाचनाचा कार्यक्रम होता.

"अव्वा, तुझ्याकडं पेपरातलं कायतरी असतंय की. मला बोलायचंय. दोन मिंटाचं दे, लई लांब नको."

बाईंनी मला पुसलं. 'कुलूप'च्या पानात खुणेला लाल दोरा घातला. ठेवणीतली इरकल नेसल्या आणि बायकांच्या रांगेत पुढं जाऊन बसल्या.

मी गौरीशंकरच्या हातात होते, त्यामुळं बाईंचं तोंड मला समोरच दिसत होतं. तो चांगलं वाचत होता. कुलपाला लोंबकळणाऱ्या गृहस्थाला पोरं खदाखदा हसली. बाईंचे ओठ त्याच्याबरोबर हलत होते. तिसरी खेप आली. शेजारीण खिडकीत आली. तिनं 'अहो' म्हटलं. बाईंनी पदराचं टोक मुठीत धरलं.

गौरीशंकर थांबला. त्यानं मला जरा लांब धरून बघितलं.

"पुढं कुणीतरी पेनानं खरडून ठिवलंय. ते असू द्या. लेख हितंच संपला. तर मुलांनो, रोज वाचलं पायजे!"

टाळ्या झाल्या. हात धरून ज्या आईनं त्याला पाटीवर 'ग' काढायला शिकवला, तिचं अक्षर त्याला ओळखू आलं नाही. मला वाईट याचं नाही वाटलं की तो थांबला. ज्या बाईच्या हातचं तो पन्नास वर्षं जेवला, तिचं अक्षर त्यानं पाटीनंतर कधी पाहिलंच नव्हतं, याचं वाटलं.

घरी आल्यावर म्हणाला, "कसं झालं, अव्वा?"

"बरं झालं."

"लेखच अर्धवट होता गं. न्हायतर आणखी रंगलं असतं."

"व्हय," बाई म्हणाल्या. "अर्धवटच हाय."

दिवाळीची आवराआवर निघाली तसा रद्दीवाला बब्रुवान आला. बाईंनी स्वतःच्या हातानं मला काट्यावर ठेवलं. त्यानं मला उचलून परत केलं. "अव्वा, ही वही चुकून आली जणू."

"चुकून न्हाय. त्यातलं समदं अर्धंच हाय. अर्ध्याला कोण ठिवतंय?"

तशी मी इथं आले. इथं बायका सळईवर कागद गुंडाळतात, कडेला खळ लावतात आणि नळी काढून उन्हात टाकतात. खळ तीच, मोरचूद घातलेली. वासानं मला माहेर आठवलं.

आज सकाळी प्रेमाबाईनं मला मांडीवर घेतलं. पान सोडवता सोडवता तिची नजर अडकली.

"कडूबाई, ऐक गं ही गंमत." ती मोठ्यानं वाचायला लागली. स्टँड, कुलूप, लोंबकळणारा गृहस्थ. छापील अक्षर संपलं, निळी शाई सुरू झाली, पण प्रेमाबाई थांबली नाही. कुठला शब्द छापलेला आणि कुठला लिहिलेला, याचं तिला काय? ती वाचत गेली.

"'अहो, कुलूप चांगलं लागलंय. पण वहिनी आतच राहिल्यात.'"

कडूबाई एवढी हसली की खळीचा हात कपाळाला लागला. "अगं बया! आतच? मग?"

"'त्या आतून हाक मारत नव्हत्या. त्यांना बघायचं होतं, कितव्या खेपेला आपली आठवण होते. गृहस्थांनी पुन्हा एकदा कुलूप ओढून बघितलं, समाधानानं मान हलवली आणि ते स्टँडकडं निघाले.'"

कडूबाईनं हातातली सळई खाली ठेवली.

"कुणी लिवलंय गं?" कडूबाईनं विचारलं.

"नाव न्हाय. पर बाईचंच अक्षर हाय. बाप्याला कुठलं ठावं, आत राहणं म्हंजी काय ते."

आतून मुकादम ओरडला, "प्रेमाबाई, शाळा भरली का काय?"

"आले, आले!" प्रेमाबाईनं ते पान सळईवर घेतलं. लाल दोरा तिनं बाजूला काढून ठेवला. पण पान वळलं, अक्षरं आतल्या बाजूनं. तिला तरी काय म्हणू? तिचं ते काम आहे. कडेला खळ लागली आणि वहिनी पुन्हा आत राहिल्या.

शिवकांताबाई, तुमच्या ओळी वाचल्या गेल्या, एवढं तुम्हाला कळवायचं होतं. कळवायला माझ्याकडं आता एकच वाट आहे. दिवाळीत तुमच्या दारासमोर फटाके वाजतील, सकाळी कागदाचा कचरा पडलेला असेल आणि तो झाडायला तुम्हीच याल. आयुष्यभर तुम्ही कागदाचा तुकडा वाचल्याशिवाय टाकला नाहीत. या खेपेलाही तेवढं वाकून बघा. एखाद्या जळक्या तुकड्यावर निळी शाई असेल.

उर्वरित तुम्हाला पाठच आहे.